चोवीस टोकं

मामा वायर विकत घेण्याआधी तिची परीक्षा घ्यायचे. दुकानदाराकडे हातभर तुकडा मागायचे, खिशातलं ब्लेड काढून आतली तार खरवडायचे आणि दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायचे. आत पांढरं दिसलं की तुकडा काउंटरवर ठेवून पुढच्या दुकानात. पांढरं म्हणजे ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तांबडं दिसलं तरी ते लगेच खूश व्हायचे नाहीत. तीच तार दहा वेळा इकडून तिकडे वाकवायची, मोडली नाही तर मग दराची बोलणी. एका दुकानदाराने मला फोन करून विनंती केली होती की मॅडम, माल हवा तर तुम्ही या, मामांना पाठवू नका. ते उभे राहिले की बाकीची गिऱ्हाइकंही ब्लेड मागतात.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्यात व्यवस्थापन बघते. खरेदी, हजेरी, परवाने, पाण्याचे टँकर, येणारे पाहुणे, सगळं माझ्याकडे. हे सगळं डोक्यात ठेवणं शक्य नसतं, म्हणून मी याद्या करते. काम लिहायचं, समोर चौकोन काढायचा, झालं की खूण करायची. वीस वर्षं मी याच पद्धतीने काम केलं आणि क्वचितच काही राहून गेलं. मामांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हाही आधी यादीच केली. त्या यादीतलं शेवटचं कलम लिहायला सगळ्यात अवघड होतं, कारण त्यात मामांचं नाव कमी आणि माझं जास्त आहे. माझ्या एका खुणेमुळे त्यांच्या हातांवर ठपका आला होता, आणि तो कुठून आला हे फक्त मला माहीत होतं.

मामा, सगळा कारखाना त्यांना तसंच म्हणायचा, कुर्डुवाडीचे. सगळी नोकरी रेल्वेत टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून पास काढून सकाळच्या गाडीने सोलापूरला यायचे, स्टेशनवरून सायकलने आमच्याकडे. सायकल ते स्टेशनबाहेर ठेवायचे आणि तिच्या कुलपाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. कारखान्यातल्या जवळजवळ सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी, कॅमेऱ्यांच्या वायरी त्यांनी घातलेल्या. नेटवर्कचं शिक्षण त्यांनी कुठे घेतलं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "तारंला काय, आवाज न्हेला काय, चित्र न्हेलं काय. तिला ठावं नसतंय."

या वायरींना पाच, सहा, सात, आठ असे दर्जे असतात. दर्जा वरचा तसा वेग जास्त. मामा त्यांच्याबद्दल शाळेतल्या मुलींसारखं बोलायचे. पाचवीची वायर गरीब, सांगितलेलं ऐकणारी. सहावीची हुशार. सातवीची लई हुशार, पण मान ताठ, कोपऱ्यात वळत नाही. आणि आठवीची? "तिला तीस मीटरच्या पुढं चालवत न्हाय. पाय दुखत्यात तिचं." हे ते हसत म्हणत नव्हते. या बाबतीत त्यांना विनोद कळत नसे.

त्यांचे नियम भरपूर होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. वायरींचा जुडगा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळायचा नाही, आत तारा चेंगरतात. त्याऐवजी टॉवेलच्या काठाच्या ज्या पट्ट्या कापून फेकून देतो त्या ते गोळा करायचे आणि त्यांनी वायरी बांधायचे, बाळाची कुंची बांधावी तितक्या सैल. आमच्या छतालगत अजूनही रंगीत काठांनी बांधलेले जुडगे दिसतात. ज्या खोलीत रॅक, म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ते लोखंडी कपाट, त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, कारण चपलांच्या तळांना चिकटून मागांचा कापूस आत येतो. मालकही बाहेर चपला काढायचे. आणि वायरीच्या टोकाला प्लग बसवत असताना मामांशी बोलायचं नाही. आठ तारा सरळ करून ओळीने लावताना त्यांचे ओठ हलायचे: पांढरा नारंगी, नारंगी, पांढरा हिरवा, निळा, पांढरा निळा, हिरवा, पांढरा तपकिरी, तपकिरी. एवढं म्हणून झालं की पक्कड दाबायची, एकदाच. दुसऱ्यांदा दाबलेला प्लग ते वापरत नसत. "टोक एका दाबात बसलं पायजे. दुसऱ्यांदा दाबलं म्हंजी पयल्यांदा चुकलं."

खुर्चीवर ते बसत नसत. वायर संपली की उरणारा लाकडी ड्रम आडवा करून त्यावर बसायचे. त्या ड्रमवर बसून त्यांनी एकदा तीन दिवस काहीच केलं नाही, तो किस्सा सांगायला हवा. हिशेब खात्यातले कॉम्प्युटर रोज दुपारी बंद पडायचे. सकाळी ठीक, जेवणानंतर गेले. आम्ही स्विच बदलला, प्लग बदलले, बाहेरचा माणूस बोलावला. मामांनी हिशेब खात्याच्या दाराशी ड्रम ठेवला आणि बसून राहिले. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं की काम कधी सुरू करणार. म्हणाले, "चालूच हाय की." तिसऱ्या दिवशी दुपारी मालक जेवायला घरी गेले, तशी त्यांच्या केबिनमधला चाकांचा कूलर हिशेब खात्यातल्या पोरींनी नेहमीप्रमाणे ढकलत आणला. मामा उठले, कूलर चार बोटं सरकवला, चटई वर केली आणि चाकाखाली चपटी झालेली वायर दाखवली. सगळे हसले. मामा नाही हसले. ज्याने वायर चटईखालून नेली त्याचं नाव त्यांनी विचारलं. ती त्यांच्याच आधीच्या माणसाने नेली होती, पण त्यांना ते नाव हवंच होतं.

अशा माणसाबरोबर काम करणं सोपं नव्हतं, पण आमचं जमलं, कारण त्यांना माझ्या याद्या आवडायच्या. बाकीच्यांचं तोंडी सांगणं ते धरत नसत. वायरमनचं तर मुळीच नाही. मी खूण केलेली यादी मात्र ते वरून खाली वाचायचे आणि मान हलवायचे. "ताईंनी लिवलंय म्हंजी झालं." हे ते इतरांसमोर म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. ते खोटं का सांगू.

मालकांनी नवी शेड बांधली तेव्हा तिच्यात बारा कॉम्प्युटरवर चालणारे माग आले. टॉवेलवरची नक्षी ऑफिसमधून वायरीने थेट मागाकडे जायची, माग ती विणायचा. एक परदेशी खरेदीदार शेड बघायला शुक्रवारी माणसं पाठवणार होता. त्याची ऑर्डर आली तर दुसरी पाळी सुरू होणार होती. मालक तेलुगू विणकर घराण्यातले, त्यांच्या आजोबांनी हातमागावर चादरी विणल्या. चिंता वाढली की ते घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलायचे, आणि त्या महिन्यात ते दिवसभर तेलुगूतच बोलत होते.

वायर कुठली घालायची हा प्रश्न माझ्याकडे आला. मागांसोबत पुण्याहून आलेला इंजिनियर म्हणाला सातवी घाला, आतून चंदेरी पत्र्याची गुंडाळी असते, मागांच्या मोटारींचा त्रास होत नाही, पुढची पंधरा वर्षं बघायला नको. मालक म्हणाले, मॅडम, फायदे तोटे लिहून द्या.

मी कागदावर मध्ये रेघ मारली. डावीकडे लिहिलं: वेग दहापट, पत्र्यामुळे मोटारींच्या विजेच्या गोंधळापासून बचाव, भविष्यात नवे माग आले तरी चालेल. उजवीकडे मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. जाड आहे, बसवलेल्या पाइपांत मावणार नाही. वळत नाही. प्लग धातूचे लागतील, एका टोकाला तिप्पट वेळ. मग त्यांनी मला मागाच्या पेटीपाशी नेलं आणि वायर जिथे खोचतात तिथे बोट ठेवलं.

"मागाचं तोंड केवढं हाय ते बगा. जुन्या वेगाचंच घेतंय. सोलापुरात पाणी चार दिसांनी येतंय, आन् तुमी नळाला चार इंची पाइप लावताय. सहावी घाला, मोटारीच्या वायरीपासनं हातभर लांब न्ह्या. झालं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तरी मी सातवीची शिफारस केली. कारण लिहून ठेवते: पुढे वायर बदलायची वेळ आली तर बारा माग थांबवावे लागले असते. आणि दुसरं कारण, जे कागदावर नव्हतं. भारीतली वायर का घेतली असं मला कुणी कधी विचारणार नव्हतं. हलकी का घेतली असं नक्की विचारलं असतं.

मामा रुसले नाहीत. एवढंच म्हणाले की सातवी घ्या, पण मग अर्थिंग पक्कं पाहिजे. त्या चंदेरी गुंडाळीला पकडलेला गोंधळ जमिनीत सोडायला वाट लागते. वाट नसेल तर तीच गुंडाळी आसपासचा सगळा गोंधळ गोळा करून वायरीत आणते, आणि साध्या वायरीपेक्षा वाईट. शेडच्या मागे मुरूम आहे, उन्हाळ्यात खडखडीत. खड्डा खोल हवा, कोळसा, मीठ, आणि भरपूर पाणी, रोज. मग मीटर लावून मोजायचं. दोन ओहमच्या आत आलं तर काम सुरू. मी ते कलम यादीत घातलं, त्यांच्याच शब्दांत.

खड्डा व्हायच्या आठवड्यात मामा नव्हते. टेंभुर्णीला त्यांच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं, चार दिवस ते तिकडे राहिले. अर्थिंगचं काम बाहेरच्या वायरमनकडे होतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला झालं मॅडम, पाइप टाकला, खड्डा भरला, झाकण पण लावलं. मोजलं का, विचारलं. म्हणाला, हो, दोनच्या आसपास. त्या वेळी माझ्या दारात टँकरवाला उभा होता, दुसऱ्या फोनवर पाहुण्यांच्या हॉटेलचा माणूस. मी यादीत खूण केली आणि शेजारी लिहिलं: दोन ओहम.

शेडच्या मागे जायला मला तीन मिनिटं लागली असती.

मामा आले तोवर त्या झाकणावर टॉवेलच्या गाठी रचल्या गेल्या होत्या. त्यांनी यादी वाचली, दोन ओहमवर बोट टेकवलं, मान हलवली आणि कामाला लागले. बारा वायरी, चोवीस टोकं. सहा दिवस.

मंगळवारी सकाळी चाचणी झाली. तीन माग लावले, नक्षी व्यवस्थित गेली. सहा लावले, गेली. बाराही लावले आणि दोन मिनिटांत सगळे थांबले. पडद्यावर जोडणी तुटल्याची लाल खूण. पुन्हा लावले, पुन्हा थांबले. बारा माग एकदम गप्प झाल्यावर शेडमध्ये जी शांतता होते ती मला तेव्हा पहिल्यांदा कळली. बाजूच्या शेडमधली खडखड ऐकू यायला लागली.

पुण्याच्या इंजिनियरने वेळ घालवला नाही. यंत्रात दोष नाही, वायर उत्तम आहे, म्हणजे टोकं. हाताने बसवलेली टोकं अशीच दगा देतात, असं तो मालकांना मामांच्या समोर म्हणाला, आणि तेही मामांकडे न बघता.

मामा माझ्याकडे आले. "ताई, अर्थिंग बगितलंय नव्हं?"

"हो मामा. दोन ओहम."

"मंग टोकंच," ते म्हणाले.

एवढंच. मीटर मागितला नाही, गाठी हलवायला सांगितलं नाही. मी लिहिलं होतं ना. त्यांनी शिडी घेतली आणि पहिल्या मागापासून सगळी टोकं कापून नव्याने करायला सुरुवात केली. बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन, पत्र्याची शेड, आणि साठी ओलांडलेला माणूस शिडीवर. कापलेला प्रत्येक प्लग ते खाली टाकत नव्हते, शर्टाच्या खिशात ठेवत होते. रंग म्हणायला लागले की मधेच थांबायचे, पहिल्यापासून सुरू करायचे. मी ते पहिल्यांदाच बघत होते. पाणी नेऊन दिलं तर ग्लास हातात धरून तसाच परत दिला.

बुधवारी दुपारपर्यंत मागांच्या बाजूची बारा झाली. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. इंजिनियर तिथेच बसला होता. मालक शांतपणे बोलले, ते शांत बोलतात तेव्हाच भीती वाटते. म्हणाले, पुण्याहून माणसं निघायला तयार आहेत, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर ती उद्या येऊन सगळं काढून नव्याने घालतील. आणि मामांना शुक्रवारनंतर येऊ नका असं पत्र तयार ठेवा, चांगल्या शब्दांत. वय झालं त्यांचं.

पत्र टाइप करायला मला रॅकच्या खोलीतल्या फायलींच्या कपाटातला जुना नमुना हवा होता. चपला काढून खोलीत गेले, रॅकच्या लोखंडी दाराला हात टेकवला आणि बोटांना मुंग्या आल्या. हात काढला. पुन्हा लावला. पुन्हा मुंग्या. अर्थिंग पक्कं असतं तर लोखंडाला असा करंट लागला नसता. अनवाणी पायांनी मी तिथे उभी राहिले आणि मला त्या तीन मिनिटांची आठवण झाली.

वायरमनला फोन लावला. या वेळी मी दार लावून घेतलं. त्याने आढेवेढे घेतले, मग म्हणाला, "मॅडम, खड्डा केला, कोळसा मीठ टाकलं, पण खड्डा भरला त्या दिवशी तुमचा टँकर आला नव्हता की. पाणी नंतर घालणार होतो, तोवर तुमच्या लोकांनी गाठी लावल्या. दोन ओहम काय, तेवढं येतंच की सगळीकडं."

मला तेव्हा जायला हवं होतं ते मालकांच्या केबिनमध्ये. पंधरा पावलांवर होती. मी शेडच्या मागे गेले. हमालांना सांगितलं की पाहुणे येणार, इथे स्वच्छता हवी, गाठी हलवा. झाकण उघडलं तर आतली माती भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी कोरडी. टँकरचा पाइप ओढून आणला आणि खड्ड्यात सोडला. माती पाणी पीत होती, पीत होती, वर येऊच देईना. तासाभराने थोडं डबकं धरलं. त्या वेळात मामा रॅक बंद करून त्याच्यासमोर बसले होते आणि शेवटची बारा टोकं करत होते. मी दोनदा खिडकीतून बघितलं. दोन्ही वेळा त्यांचे ओठ हलत होते.

पाच वाजता चोविसावं टोक झालं. बारा माग लावले. चालले. अर्धा तास चालले, एक तास चालले. मालकांनी इंजिनियरशी हात मिळवला. मामा ड्रमवर बसले होते, मान खाली घालून. मालकांनी मला बाजूला घेतलं. पत्र राहू द्या, म्हणाले, पण मामांना सांगा, पुढच्या वेळी पहिल्यांदाच नीट करा.

मी तो निरोप दिला. शब्द थोडे मऊ केले, पण दिला.

मामा म्हणाले, "व्हय. बरोबर हाय त्यांचं."

शुक्रवारी पाहुणे आले, टॉवेलवर हात फिरवून गेले, ऑर्डर मिळाली. दुसरी पाळी सुरू झाली. खड्ड्यात रोज सकाळी दोन बादल्या पाणी घालायचं काम मी एका बाईला लावून दिलं. विचारलं तर झाडांसाठी असं सांग, म्हटलं. तिथे झाड नव्हतं.

मामा येत होते, पण आधीसारखे नाही. जेवणाच्या सुट्टीत ते डबा खाऊन झाल्यावर एक पत्र्याची डबी उघडायचे. त्यात ते कापलेले चोवीस प्लग होते. एकेक काढून भिंगाखाली धरायचे, उलटायचे, रंग मोजायचे, परत ठेवायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवण अर्धं टाकून उठले. कारखान्यात लोक हसायला लागले होते. हिशेब खात्यातल्या एकीने विचारलं, "मामा, दाण्यात खडे शोधताय का?" मामा म्हणाले, "व्हय. न्हाय सापडंना." एका ऑफिसच्या साध्या वायरीला दोन प्लग त्यांनी तीनदा बसवले, तीनदा कापले, आणि चौथ्यांदा मला म्हणाले की हे दुसऱ्या कुणाला तरी द्या.

दोन आठवडे मी स्वतःला समजावत होते. नोकरी वाचली. ऑर्डर आली. पत्र गेलं नाही. नुकसान कुणाचं झालं? हा कागदही मी मनात रेघ मारून तयार केला होता, आणि डावीकडची बाजू चांगली भरली होती.

मग एका सोमवारी मामा माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली पक्कड टेबलावर ठेवली आणि शेजारी ती डबी.

"ताई, हे तुमच्यापाशी ठेवा. नवा माणूस येईल त्याला द्या."

मी म्हटलं, काय झालं.

"चोवीस टोकं कापली. रोज बगतो भिंगातनं. एकबी वाकडं दिसंना. चूक तर हाय, माग थांबलं हुतं आमच्या डोळ्यासमोर. चूक हाय आन् मला दिसंना, म्हंजी डोळं गेलं की. मंग उद्या कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या बँकेत मी टोक बशिवणार, आन् त्येबी असंच निगणार. नगं."

मी सांगितलं. उभी राहून सांगितलं, बसून सांगता येईना. फोन, दोन ओहम, रॅकच्या मुंग्या, गाठी, टँकर. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर विचारलं, "पाणी कवा घातलं?"

"बुधवारी दुपारी. तुम्ही रॅकपाशी बसला होता तेव्हा."

"मी बसलो हुतो तवा," ते म्हणाले.

मग त्यांनी डबी उघडली, चोवीसही प्लग टेबलावर ओतले आणि बोटाने एका ओळीत लावले. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा काहीतरी लागेल असं बोलतील. ते त्या ओळीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"मंग समदी बरोबर हुती."

"सगळी," मी म्हटलं. "पहिली चोवीस आणि दुसरी चोवीस."

"एका दाबातली," ते म्हणाले. मग प्लग गोळा केले, पक्कड काखेत घेतली आणि म्हणाले, "मालकास्नी ठावं हाय?"

"नाही."

"चला मंग. आधी तितं."

मालकांसमोर मी परत सगळं सांगितलं. मामा दाराशी उभे होते, साक्षीला उभं राहावं तसे. मालकांनी ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं: "इतकी वर्षं तुमच्या खुणा बघून मी ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यांतले किती असे आहेत?" मी म्हटलं, माझ्या माहितीत हा एकच. "तुमच्या माहितीत," ते म्हणाले. त्यांनी उठून मामांसाठी स्वतः खुर्ची ओढली. मामा बसले. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना तेवढं एकदाच बघितलं.

त्यानंतर ते वर्षभर आमच्याकडे होते. गुडघे शिडी चढू देईनात तेव्हा थांबले. हात चांगले होते शेवटपर्यंत. माझ्याशी वागणंही पूर्वीसारखंच, चहा विचारायचे, बहिणीच्या डोळ्याचं सांगायचे, खड्ड्याचं पाणी त्या बाईकडून काढून घेऊन स्वतः घालायचे. मला कधी टोमणा मारला नाही.

त्यांनी काम सोडण्याच्या महिनाभर आधी नव्या गोदामाचं काम निघालं. तिथल्या अर्थिंगला मी स्वतः उभी राहिले. खड्ड्यात उतरले, पाणी मुरेपर्यंत थांबले, मीटर माझ्या हाताने लावला, आकड्याचा फोटो काढला, यादीत लिहिलं आणि दोन्ही मामांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली. फोटो मोठा करून आकडा बघितला.

"झकास हाय, ताई," म्हणाले.

मग कपाटातला मीटर घेतला, चपला घातल्या आणि गोदामाकडे चालू लागले.